कढीपत्त्याच्या कुंडीतली राणी : थंडीत घरात सापडलेल्या बम्बलबीच्या नोंदी

आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो, लंडनपासून पश्चिमेला ट्रेनने साधारण अर्धा तास. यंदा थंडीत घरात एक बम्बलबी सापडली, म्हणजे मधमाशीच्या नात्यातली पण जाडजूड, केसाळ माशी. तिच्या खालच्या नोंदी मी रोजच्या रोज वहीत लिहिल्या होत्या, त्या तशाच टाईप करतेय. पहिल्या रात्री मी जे जे केलं त्यातलं बरंचसं उलटं होतं, ते कुणी आधी सांगितलं असतं तर त्या जिवाचे हाल वाचले असते, म्हणून चुका पण सगळ्या ठेवल्यात.

११ जानेवारी, रविवार, संध्याकाळ

बाहेर २ डिग्री, सूर्य सव्वाचारलाच मावळलेला. मुलगी हॉलमध्ये खाली बसून पझल करत होती, ती एकदम ओरडली की आई कार्पेटवर काहीतरी चालतंय. बघितलं तर अंगठ्याच्या पेराएवढी मोठी बम्बलबी. काळीभोर, मानेशी एक पिवळा पट्टा, पोटावर एक, आणि शेपटाचा रंग साय घातलेल्या चहासारखा मळकट. उडत नव्हती, चालत होती, ते पण चार पावलं टाकून थांबत थांबत.

नवरा म्हणाला खिडकी उघड आणि पुठ्ठ्यावर घेऊन बाहेर सोड. माझा हात खिडकीपर्यंत गेला होता पण जीव झाला नाही, बाहेर गवतावर दव गोठायला लागलं होतं, तिथे ही उडता न येणारी माशी टाकायची म्हणजे मारायचीच की.

मी बोट पुढे केलं तर तिने मधला पाय उचलून धरला, सरळ आडवा, ट्रॅफिक पोलिसासारखा. मुलीला वाटलं हाय करतेय. नंतर कळलं की ती "लांब राहा" ची खूण असते आणि त्यानंतरही छेडलं तर डंख मारू शकते, मादी असेल तर. त्यामुळे हात लावू नका. वरून काचेचा ग्लास उपडा ठेवा, खालून पोस्टकार्ड सरकवा, झालं.

मग मी दोन गोष्टी केल्या आणि दोन्ही चुकल्या. एक, चमच्यात मध दिला. मधमाशीला मध, डोकं इतकंच चाललं. दोन, बरणी उचलून रेडिएटरच्या वरच्या खिडकीत ठेवली, ऊब मिळावी म्हणून. दहा मिनिटांत ती आतून घुं घुं करायला लागली, पंख न हलवता, नुसतं अंग थरथरत होतं. आम्ही दोघी खूष, बरी झाली म्हणून.

११ जानेवारी, रात्री उशिरा

दोन तास वाचत बसले. काय काय कळलं ते लिहून ठेवते.

ही बफ-टेल्ड बम्बलबी, शेपटाच्या रंगावरूनच नाव पडलंय. दोन सेंटिमीटरच्या पुढे आकार आणि शेपूट पांढरंशुभ्र नसून मळकट, म्हणजे राणी. इथल्या पोळ्यातल्या मधमाश्या आख्खा हिवाळा एकमेकींना चिकटून, साठवलेल्या मधावर काढतात. बम्बलबीचं तसं नसतं. तिच्या घरात साठा नसतो म्हणलं तरी चालेल, आणि शरद ऋतू संपेपर्यंत जुनी राणी, कामकरी माश्या, नर सगळे मरून जातात. उरतात फक्त त्या वर्षी जन्मलेल्या नव्या राण्या, मीलन झालेल्या. त्या पोटात चरबी साठवून जमिनीत काही सेंटिमीटर खाली एकेकट्या झोपतात ते थेट वसंतापर्यंत. म्हणजे त्या बरणीत एकटी माशी नव्हती, पुढच्या उन्हाळ्याची शेकडो माश्यांची आख्खी वसाहत होती.

आणि मी तिला रेडिएटरवर ठेवलं होतं. ती घुं घुं म्हणजे बरं वाटणं नव्हे. उडायचे स्नायू साधारण ३० डिग्रीपर्यंत तापवल्याशिवाय तिला उडता येत नाही, म्हणून ती पंख सुटे ठेवून नुसते स्नायू थरथरवते, आणि त्यात अंगातलं इंधन भराभर जळतं. मार्चपर्यंत पुरवायची शिदोरी मी पंधरा मिनिटांत खर्च करायला लावत होते. बरणी ताबडतोब पोर्चमध्ये नेली, तिथे हीटिंग नाही, ९ डिग्री होतं.

मधाचंही तसंच. दुसऱ्या पोळ्यांतले रोगजंतू मधात असू शकतात, आपल्याला काही होत नाही पण माश्यांना होतं. चमच्याला तिने जीभ लावली होती का ते मला नक्की दिसलं नाही. चमचा काढला, बरणी बदलली.

द्यायचं ते साधं पांढऱ्या साखरेचं पाणी, निम्मी साखर निम्मं पाणी. इथल्या बम्बलबी कॉन्झर्वेशन ट्रस्टचा सल्ला पण हाच आहे, आणि तोही फक्त गळून गेलेल्या माशीसाठी, रोजचा खुराक म्हणून नाही. मी दोन चमचे साखर दोन चमचे कोमट पाण्यात विरघळवली आणि दुधाच्या बाटलीच्या झाकणात ओतली. काठोकाठ भरलं, इथे तिसरी चूक. ती पुढे आली, पाय घसरला आणि पोटापर्यंत पाकात. सगळी फर चिकट, पंख अंगाला चिकटलेले. मला अक्षरशः रडू आलं. इअरबड कोमट पाण्यात भिजवून, पिळून, हळूहळू पुसत बसले, मग मुलीचा कोरा मऊ पेंटब्रश घेतला आणि त्याने जमलं. इअरबडचा कापूस तिच्या पायांच्या आकड्यांत अडकतो, ब्रश नाही अडकत. हे सगळं पोर्चमध्ये, अंगात कोट घालून, साडेबारापर्यंत.

शेवटी झाकणात भांडी घासायच्या कोऱ्या स्पंजचा नखाएवढा तुकडा ठेवला आणि त्यावर पाच-सहा थेंब टाकले. तपकिरी, लांब जीभ बाहेर आली आणि ती प्यायला लागली. चार मिनिटं पीत होती, घड्याळ लावून बघितलं. पोटाचे वळसे आत-बाहेर हलताना दिसतात.

१२ जानेवारी, सोमवार

सकाळी पोर्चमध्ये ५ डिग्री, ती कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन निपचित. मेली असं वाटलं. पोस्टकार्ड हळूच हलवलं तर मधला पाय दोन मिलिमीटर वर आला. गारठलेली माशी मेलेली दिसते, फेकून द्यायची घाई करू नका.

आता प्रश्न हा की पुढे काय. दक्षिण इंग्लंडमध्ये काही वर्षांपासून या जातीच्या वसाहती हिवाळ्यात पण चालू असतात, बागांमधल्या महोनिया, हिवाळी हीदर असल्या फुलांवर. माशीच्या मागच्या पायांवर परागाचे गोळे दिसले तर तिचं घर जवळपास चालू आहे असं धरायचं, आणि साखरपाणी पाजून सापडली तिथेच लगेच सोडायचं. हिच्या पायांवर काही नव्हतं. कोरडा, ८-१० डिग्रीचा दिवस आणि जवळ फुलं असती तर तिला पाजून फुलावर नेऊन ठेवली असती आणि या नोंदी इथेच संपल्या असत्या. पण अंदाज बघितला तर शुक्रवारपर्यंत रात्री उणे ३, उणे ४ आणि दिवसा २-३. आमच्या बागेत फुलाचा मागमूस नाही.

म्हणजे तिला परत झोपवायचं. प्रयोगशाळांमध्ये राण्या ४-५ डिग्रीला फ्रीजमध्ये ओलसर मातीत वगैरे झोपवतात असं वाचलं होतं. आमचा फ्रीज आहेच. डबा घेतला, झाकणाला सुईने आठ भोकं, तळाशी तीन इंच बागेतली भुसभुशीत माती, आधी मुठीत दाबून बघितली, गोळा व्हावी पण पाणी गळू नये इतकी ओल, वर थोडं शेवाळ. तिला दुपारी पुन्हा एकदा पाजलं, एक तास पोर्चमध्ये ठेवलं आणि मग फ्रीजच्या खालच्या कप्प्यात. कोथिंबीर वरच्या कप्प्यात गेली. ६ पौंडांचा थर्मामीटर आणला, कमीत कमी-जास्तीत जास्त दाखवणारा, आणि आणला ते बरं झालं कारण फ्रीजवर ४ लिहिलेलं असलं तरी मागच्या भिंतीला टेकून १ डिग्री होतं आणि दाराजवळ ८. मधोमध ठेवला डबा, तिथे ५.

संध्याकाळी साताऱ्याला आईला व्हिडिओ कॉल. तिने डब्यात बघितलं आणि म्हणाली, "अगं भुंगा आहे हा, माळ्याचे वासे पोखरून ठेवतील, घरात कशाला घेतलास?" तिचं चूक नाही, आपल्याकडे एवढी मोठी काळी गुणगुणणारी म्हणजे भुंगाच, तो लाकडाला गोल भोक पाडून राहतो. ही वेगळी, हिला लाकूड पोखरता येत नाही, आणि बम्बलबी आपल्याकडे महाराष्ट्रात नाहीतच, भारतात बघायच्या तर बहुतेक करून हिमालयात जायला लागतं. आईला हे सांगितलं तर ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "गाभण आहे म्हणतेस ना, मग जप तिला."

१३ जानेवारी, मंगळवार

सकाळी झाकणाच्या आतून सगळे थेंब थेंब. दव धरलेलं. ती मातीवरच बसलेली, अंगावर पण बारीक थेंब. बुडून मरेल म्हणून मी घाईने डबा बाहेर काढला, झाकण उघडलं, टिश्यूने पुसत बसले, तेवढ्यात ओट्यावरच्या उबेने ती जागी झाली. परत तास गेला तिला गार करण्यात.

ही घाई करायची गरजच नव्हती. दुपारी वाचलं की कॅनडात गेल्फ विद्यापीठात प्रयोगासाठी फ्रीजमध्ये झोपवलेल्या राण्यांच्या नळ्यांमध्ये चुकून पाणी साठलं होतं आणि पाण्यात बुडालेल्या राण्या जिवंत निघाल्या. मग त्यांनी मुद्दाम बुडवून बघितलं तर आठवडाभर पाण्याखाली राहून बहुतेक राण्या जगल्या. २०२४ मध्ये छापून आलंय. तिथली जात वेगळी आहे पण माझी काळजी निम्मी झाली. जमिनीत झोपणाऱ्या जिवाला पावसाचं पाणी नवीन नाही. तिला मारणारी गोष्ट उलटी आहे, कोरडेपणा आणि ऊब. नवीन फ्रीज आतली हवा कोरडी करत असतात, म्हणून माती ओली पाहिजेच.

१४ जानेवारी, बुधवार, संक्रांत

तिळगूळ केला. मुलगी एक वडी घेऊन फ्रीजपाशी, राणीला पण तिळगूळ म्हणून. तिला समजावलं की गूळ नाही, ब्राऊन शुगर पण नाही, त्यातली मळी माश्यांना पचत नाही, फक्त पांढरी साखर. तिने मग डब्यावर स्केचपेनने "गोड बोल" लिहिलं.

आज तिला नीट बघितलं, न हलवता, टॉर्च लावून, तर मानेच्या मागे फरीत पाच-सहा बारीक तांबूस किडे फिरताना दिसले. माझ्या अंगावर काटा. ब्रशने दोन काढले पण. मग वाचलं आणि थांबले, हे बहुतेक वेळा नुसते प्रवासी माइट असतात, राणीच्या अंगावर बसून पुढच्या घरट्यापर्यंत जायचं आणि तिथला कचरा खायचा, तिचं रक्त वगैरे पीत नाहीत. थोडे असतील तर हात लावू नका, मी तिला झोपेतून उठवून उगीच त्रास दिला. खूप झाले की तिला त्यांच्या वजनाने उडता येत नाही, तेव्हाच काढायची वेळ येते.

१६ जानेवारी, शुक्रवार

ती आली कुठून ते आज कळलं, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

आमचा कढीपत्ता मोठ्या कुंडीत आहे. मेपासून बाहेर, शेडच्या सावलीत. ऑक्टोबरात थंडी पडायच्या आत तो पोर्चमध्ये येतो. यंदा पोर्चमध्ये पानं फार गळायला लागली म्हणून ६ जानेवारीला मी ती कुंडी हॉलमध्ये आणली, रेडिएटरपासून हातभर अंतरावर. आज पाणी घालताना बघितलं तर मातीत बुंध्यापाशी बोट जाईल एवढं गोल भोक, आणि बाजूला मातीची चिमूटभर रास. शेजारच्या आजोबांना दाखवलं, ते पन्नासेक वर्षं बाग करतायत, ते म्हणाले कुंड्यांच्या भुसभुशीत मातीत राण्या झोपलेल्या त्यांना कितीदा मिळाल्यात.

म्हणजे ती बाहेरून आत आलीच नव्हती. उन्हाळा संपताना ती माझ्या कढीपत्त्याखाली सावलीतली गार माती बघून झोपली, आणि मीच तिला झोपेत उचलून २१ डिग्रीच्या हॉलमध्ये आणलं. पाच दिवसांत तिला वाटलं वसंत आला. या कुंडीत मावा का काय पडलाय म्हणून मातीत ओतायचं औषध आणायचं माझ्या यादीत होतं डिसेंबरपासून. ते आणलं असतं तर भोक पण पडलं नसतं. तो कागद फाडून टाकला.

१७ जानेवारी, शनिवार

फ्रीजमध्ये दोन-चार दिवस ठीक, दीड महिना नाही. दार दिवसातून तीसदा उघडतं, हादरे बसतात, लाइट लागतो. आणि माझं लक्ष सारखं तिकडे. आज ७ डिग्री, हिम वितळलं. तिला शेडमध्ये हलवायचं ठरवलं. शेड म्हणजे लाकडी, हीटिंग नाही, पाऊस लागत नाही, मला ते आदर्श वाटलं.

मोठा प्लास्टिकचा डबा, ३ पौंड, त्यात सहा इंच माती, वर पालापाचोळा, बाजूला बोटभर रुंदीचं भोक म्हणजे जाग आली की तिची ती बाहेर पडेल. जायच्या आधी तिला जागं होऊ दिलं आणि पोटभर पाजलं. हे मी मुद्दाम ठरवून केलं, राण्या उबदार दिवशी मधेच उठून फुलांवर जातात आणि परत झोपतात, तेव्हा पोट भरून झोपली तर बरं. तीन मिनिटं प्यायली. मातीवर ठेवल्यावर पाच मिनिटं फिरली आणि मग पुढच्या पायांनी खणायला लागली! मागच्या पायांनी माती मागे ढकलत, डोकं खाली घालून. वीस मिनिटांत दिसेनाशी. मुलगी आणि मी थंडीत शेडमध्ये उकिडव्या बसून बघत होतो, नवरा चहा घेऊन आला आणि तो पण बसला.

२० जानेवारी, मंगळवार

शेडचा बेत फसला.

तीन दिवस ढग होते तोवर ठीक. आज स्वच्छ ऊन पडलं, बाहेर ६ डिग्री, आणि दुपारी दीडला मी जेवणाच्या सुट्टीत बघायला गेले तर शेडच्या काचेवर ती धडका मारतेय. थर्मामीटर १६! शेडची खिडकी दक्षिणेला आहे, काचेतून ऊन आत, लाकूड तापतं, आणि रात्री तेच उणे २. जमिनीत असे चढउतार नसतात. राण्या झोपायला बहुतेक वेळा उत्तरेकडचा उतार, बांध निवडतात त्याचं कारण तेच, हिवाळ्यातलं ऊन तिथे पोचत नाही, उगीच जाग येत नाही. हे मी ११ तारखेलाच वाचलं होतं आणि तरी दक्षिणेच्या खिडकीची शेड निवडली. आदर्श म्हणून.

ग्लास, पोस्टकार्ड, साखरपाणी. आज ती फक्त अर्धा मिनिट प्यायली आणि पडून राहिली. या दहा दिवसांत ती जितक्यांदा उठली, पहिली धरून सगळ्या वेळा माझ्यामुळे. रात्र पोर्चमध्ये.

२१ जानेवारी, बुधवार

ऑफिसमधून अर्धा दिवस घेतला. घराच्या उत्तरेच्या भिंतीशी, जिथे कचऱ्याचे डबे असतात, तिथे वर्षभर ऊन येत नाही. तिथे एक जुनी मातीची कुंडी जमिनीत निम्मी पुरली, म्हणजे आतली माती आणि बाहेरची माती एकच. फरशीवर नुसती ठेवू नका, चहूबाजूंनी गोठते. तळाच्या भोकाखाली खडे, पाणी साठू नये म्हणून. आत पानांचं कुजलेलं खत आणि माती निम्मी निम्मी, सैल, अजिबात दाबायची नाही. करंगळीने तीन इंचांचं तिरकं भोक केलं, तिला तोंडाशी ठेवलं. ती आत गेली. लगेच नाही, आधी तोंडाशी सात-आठ मिनिटं नुसती बसली, मला वाटलं आता हिच्यात ताकद नाही उरली. मग गेली.

वर पालापाचोळा आणि त्यावर तिरकं कौल, पावसासाठी, बाजूने यायला-जायला फट. थर्मामीटरची वायर मातीत.

२९ जानेवारी

आठ दिवस मातीतलं तापमान २ ते ६ च्या मधे, बाहेर उणे ५ झालं त्या रात्री पण मातीत २ च्या खाली गेलं नाही. शेडमध्ये एका दिवसात अठरा डिग्रीचा फरक होता. फ्रीज नको, डबा नको, थर्मामीटर नको, पहिल्या दिवशी हेच केलं असतं तर अर्ध्या तासाचं काम होतं.

आज उकरून बघायची फार इच्छा झाली. नवरा म्हणाला, तुला बरं वाटावं म्हणून तिला उठवणार का. नाही बघितलं.

७ फेब्रुवारी, शनिवार

ती उठेल तेव्हा खायला काय, हा प्रश्न राहिला होता. साखरपाण्यात नुसती ताकद आहे, पराग नाही, आणि परागाशिवाय राणीची अंडी तयार होत नाहीत. आज नर्सरीत जाऊन हिवाळी हीदरच्या तीन कुंड्या, प्रत्येकी ४ पौंड, आणि एक छोटा महोनिया १५ पौंडांना. क्रोकसच्या फुलावर आलेल्या दोन पाट्या ५ पौंड. २०१७ मध्ये ससेक्स विद्यापीठाने बागेच्या दुकानांतली माश्यांसाठी चांगली म्हणून विकली जाणारी रोपं तपासली होती तर बऱ्याच रोपांत कीटकनाशकं सापडली होती, त्यामुळे मी विचारलं की फवारलंय का. एका ठिकाणी काउंटरवरच्या माणसाला माहीत नव्हतं, तिथून घेतलं नाही. दुसऱ्या ठिकाणच्या बाईंनी स्वतः वाढवलेली रोपं दाखवली, तिथून घेतलं. सगळी उत्तरेच्या कुंडीपासून दहा पावलांवर, पण उन्हात लावली. झोपायला सावली, जेवायला ऊन.

एकूण खर्च ४१ पौंड, त्यातले ३२ फुलांचे. वेळेचा हिशोब वहीत आहे, साधारण बावीस तास, त्यातले किमान पंधरा माझ्याच चुका निस्तरण्यात.

१५ फेब्रुवारी

सलग पाऊस. कौल सरकलं होतं, कुंडीत वर पाणी दिसत होतं. उचलून परत बसवलं, खड्यांमुळे पाणी तासाभरात उतरलं. गेल्फच्या राण्या आठवून स्वतःला समजावलं.

२२ फेब्रुवारी, रविवार

काल-आज १३ डिग्री, ऊन. सकाळी दहाला पाचोळ्यात, कौलाच्या फटीपाशी, एक गोल भोक. काल संध्याकाळी नव्हतं. मातीची बारीक रास बाजूला, अगदी कढीपत्त्याच्या कुंडीत होती तशीच.

मी आणि मुलगी हीदरपाशी जाऊन बसलो. साडेअकरापर्यंत काही नाही. मग क्रोकसवर एक मोठी बफ-टेल्ड राणी आली, फुलात डोकं घातल्यावर फूल तिच्या वजनाने वाकलं. पोटावर सगळा केशरी पराग. तीच का ते मला सांगता येणार नाही, आमच्या गल्लीत या जातीच्या कितीतरी राण्या उठल्या असतील आज. मुलगी म्हणाली तीच आहे, डाव्या पंखाला कडेला जरा फाटलंय बघ. पंखाला फाटलेलं होतं हे खरं, पण आमच्या राणीचा पंख फाटला होता का हे मी कुठे लिहूनच ठेवलं नव्हतं. पहिल्या दिवशी एक फोटो काढून ठेवा.

दुपारी कुंडी हलक्या हाताने उकरली. रिकामी. आत मेलेली नाहीये.

२२ मार्च, रविवार

बागेच्या मागच्या कुंपणापाशी दोन राण्या जमिनीलगत नागमोडी उडतायत, दर फूटभरावर उतरून पालापाचोळ्यात शिरतात, परत बाहेर येतात. घरट्यासाठी जागा बघणं म्हणतात ते हेच, या जातीला उंदरांची जुनी बिळं आवडतात. नवऱ्याने मागच्या वर्षी तिथलं बीळ बुजवायला खडी आणून ठेवली होती. ती खडी आज त्याने उचलून रस्त्याकडच्या कुंड्यांखाली घातली, बीळ तसंच उघडं.

कढीपत्त्याला नवीन फुटवे आलेत. मे मध्ये तो परत बाहेर जाईल. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे नेहमीपेक्षा महिनाभर आधी, कुंडीची वरची चार इंच माती हाताने सैल करून बघायची आणि मग आत आणायची, असं कॅलेंडरवर लिहून ठेवलंय. आणि आत कोणी झोपलेली सापडलीच तर उत्तरेच्या भिंतीची कुंडी तिथेच पुरलेली आहे, ती काढलेली नाही.